क्लच असताना चेन गाइडची गरज उरते का?

उतारवाट
माउंटन बाइकवर १४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ट्रॅव्हलचा (दबण्याच्या अंतराचा) सस्पेन्शन फोर्क असेल, तर वरच्या बाजूचा साधा चेन गाइड (पुढच्या दातेरी चकतीवरून, म्हणजे चेनरिंगवरून, चेन उतरू न देणारा भाग) बसवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. २०१२ साली आलेल्या स्रॅम कंपनीच्या एक्सएक्स१ या गिअर-संचापासून पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची पद्धत रुळली. एकाआड एक जाड आणि बारीक दाते व मागच्या डिरेलरमधला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतला) चेन ताणून धरणारा क्लच यांमुळे चेन पडण्याचे प्रमाण खूप कमी झाले, आणि गाइड हा केवळ डाउनहिल शर्यतींचा भाग आहे असा समज पसरला. परंतु दरम्यानच्या काळात फोर्कही बदलले आहेत. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांचे फोर्क आज एन्ड्युरो (खडतर उतार व चढ दोन्हींसाठीच्या) सायकलींवर सर्रास दिसतात, आणि दगडांच्या ज्या पट्ट्यात पूर्वी ब्रेक धरून उतरावे लागत असे, तिथून आपण वेग न सोडता निघून जातो. हँडल शांत आहे म्हणून चेनही शांत असेल, असे मुळीच नाही. अशाच एका पट्ट्यात, पेडल स्थिर असताना, माझी चेन आतल्या बाजूला उतरली आणि चेनरिंग व फ्रेम यांच्यामध्ये अशी रुतली की क्रँक सैल केल्याशिवाय ती निघेना. कार्बनच्या दांडीवर तिची खोल खूण कायमची राहिली. शंभर ग्रॅमही न भरणाऱ्या भागाने हे टळत असेल, तर तो टाळण्यात काय शहाणपण आहे?

दात्यांचा_हिशोब
आपल्या फ्रेमचे नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण निष्कर्ष मान्य नाही. चांगल्या स्थितीतल्या चेनरिंगचा जाड दाता चेनच्या रुंद कडीत घट्ट बसतो आणि बारीक दाता अरुंद कडीत. चेनला धरून ठेवणारी पकड ती हीच. दाते झिजून टोकदार झाले किंवा चेन ताणली गेली, की ही पकड जाते. क्लचचेही तसेच आहे. डिरेलरचा पिंजरा हाताने पुढे ओढून पाहावा. तो सहज येत असेल, तर क्लच सैल पडला आहे आणि चेनचा खालचा पदर मोकळा नाचणार हे निश्चित. अशा वेळी गाइड बसवला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि तो लक्षात यायचेही बंद होते. शिवाय गाइड किंचित जरी सरकला, तरी मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवर (दातेरी चाकावर) चेन त्याला घासू लागते, आणि चिखलात तो भाग भरून जातो तो वेगळाच. एवढे करूनही चेन तुटली तर गाइडचा उपयोग शून्य. डाउनहिल शर्यतपटू एरन ग्विनची चेन २०१५ साली ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या विश्वचषक शर्यतीत सुरुवातीलाच तुटली होती; गाइड ती वाचवू शकला नाही, आणि ग्विन चेनविनाच जिंकला.

कडक_मागचे_चाक
या चर्चेत हार्डटेल चालवणाऱ्यांचा विचार झालेला नाही, म्हणून लिहितो. आमच्या सायकलींवर पुढे १४० मिलिमीटरचा फोर्क असतो आणि मागे सस्पेन्शन नसतेच. फोर्कमुळे वेग वाढतो, पण त्या वेगाचा प्रत्येक धक्का मागचे चाक थेट फ्रेमला आणि चेनला देते. नवी चेनरिंग आणि घट्ट क्लच असतानाही, खडबडीत उतारावर पेडल जागेवर आणण्यासाठी क्रँक अर्धा फेरा मागे फिरवला की नेमक्या त्या क्षणी चेन दात्यावर चढलेली मी पाहिली आहे. तिथे वरचा गाइड ती चेन खाली दाबून धरतो. चेन घासण्याची तक्रार मात्र बहुतेक वेळा बसवण्यातल्या घाईची असते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अशा दोन्ही कॉगवर चेन नेऊन फट तपासली, तर पेडल मारताना गाइडचा आवाजही येत नाही.

संथ_रिबाउंड
दोन्ही बाजू चेनकडे पाहत आहेत. मी फोर्ककडे पाहण्याची विनंती करतो. मूळ लेखात फोर्कमुळे वाढलेल्या वेगाला दोष दिला आहे, पण चुकीचा लावलेला फोर्क चेनला त्याहून अधिक त्रास देतो. रिबाउंड (दबलेला फोर्क परत उघडण्याचा वेग) फार संथ असेल, तर एका धक्क्यानंतर फोर्क पुरता उघडण्याआधीच दुसरा धक्का येतो. लागोपाठच्या दगडांवर तो खाली खाली बसत जातो, स्वाराचे वजन पुढे सरकते आणि हलके झालेले मागचे चाक उधळते. चेन उडते ती तेव्हा. १५० मिलिमीटरच्या फोर्कला २० टक्के सॅग (स्वार बसल्यावर फोर्क दबण्याचे प्रमाण) म्हणजे ३० मिलिमीटर, एवढे तरी फोर्कच्या नळीवरची रबरी कडी सरकवून मोजावे. खालच्या पायांतले तेल बदलणे ही गोष्ट तर हमखास राहून जाते. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी त्यासाठी ५० तासांची मर्यादा सांगते. तेल आटले आणि फोमच्या कड्या कोरड्या पडल्या, की फोर्क लहान धक्क्यांना हलतच नाही, आणि मग लोक हवा कमी करून तो मऊ करू पाहतात, ज्यामुळे तो मधल्या ट्रॅव्हलमध्ये आणखी कोसळतो. गाइड घेण्याआधी हे तेल बदला.

उतारवाट
रिबाउंडचा मुद्दा मी स्वीकारतो आणि तो तपासणार आहे. देखभालीच्या मुद्द्याला मात्र माझे उत्तर आहे. विश्वचषकाच्या डाउनहिल सायकलींची निगा तज्ज्ञ मेकॅनिक राखतात, झिजलेला दाता तिथे शर्यतीपर्यंत टिकूच शकत नाही, आणि तरीही त्या सायकलींवर आजही गाइड असतो. ग्विनचे उदाहरण उलट माझ्या बाजूचे आहे: त्याला फक्त खाली पोहोचायचे होते, आपल्याला उतारानंतर चढही चढायचा असतो.

दात्यांचा_हिशोब
त्या सायकलींवरील गाइडला खाली जाड ढाल असते आणि तिचे काम चेनरिंगला दगडापासून वाचवण्याचेही असते, त्यामुळे ती तुलना पूर्णपणे लागू होत नाही. हार्डटेलबाबतचे म्हणणे मला पटले. मात्र अनेक हलक्या फ्रेमवर गाइड बसवण्यासाठीची आयएससीजी ०५ या मानकाची तीन छिद्रेच नसतात. अशा फ्रेमवर गाइड बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाच्या) कडीखाली दाबून बसवावा लागतो, आणि ती कडी सैल झाली की गाइड फिरून चेनमध्येच शिरतो. तिथे तरी माझी शिफारस नवी चेनरिंग आणि तपासलेला क्लच हीच राहील.