रस्त्यावर जखमी रानमांजर आढळले. आम्ही काय करायला हवे होते?

किनगावचा शिक्षक

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका शाळेत शिकवतो आणि किनगावहून रोज मोटारसायकलने ये-जा करतो. मागच्या आठवड्यात परत येताना, सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, अडावद आणि धानोरा यांच्या दरम्यान, जिथे केळीची बाग थेट रस्त्याला भिडली आहे, तिथे साइडपट्टीवर एक रानमांजर पडलेले दिसले. मेले असावे असे वाटले, पण गाडी उभी करून जवळ गेलो तेव्हा ते पुढच्या दोन पायांवर अंग ओढत बागेकडे सरकत होते आणि मागचे दोन्ही पाय फरफटत येत होते. इतक्या जवळून हा प्राणी मी प्रथमच पाहिला: लांब पाय, आखूड शेपटीच्या टोकाला काळी वलये, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे लहानसे झुबके.

पाच मिनिटांत दहा-पंधरा माणसे जमली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एकाने बाटलीच्या झाकणाने त्याच्या तोंडात पाणी घातले, दुसऱ्याने उपरणे टाकून धरण्याचा प्रयत्न केला, त्या गडबडीत माझ्या मनगटावर ओरखडा उठला. दोघे-तिघे मोबाइलचा उजेड पाडून चित्रण करत होते. मी इंटरनेटवर सापडलेल्या एका कार्यालयाच्या क्रमांकावर तीनदा फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही, तिसऱ्यांदा ती हद्द आमची नाही असे उत्तर मिळाले. सव्वा तासाने ते मांजर मेले. आम्ही ते डांबरावरून उचलून साइडपट्टीच्या गवतात ठेवले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी एक घार मरून पडली होती. तिच्या नखांत त्या मांजराच्या कातडीचा तुकडा अडकलेला होता. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. अशा वेळी कोणाला कळवावे, प्राण्याला हात लावावा की नाही, स्वतःच्या वाहनातून दवाखान्यात नेल्यास आपल्यावरच गुन्हा दाखल होतो का, आणि मेलेल्या प्राण्याचे काय करावे, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त वनपाल

गुरुजी, तुम्ही थांबलात हेच आधी महत्त्वाचे. या रस्त्यावर न थांबणारेच अधिक, हे मी नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिले आहे.

महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही निःशुल्क हेल्पलाइन राज्यभर चालते. स्थानिक कार्यालयाचा क्रमांक शोधत बसण्यापेक्षा तिथे कळवावे, म्हणजे हद्द कोणाची हे ठरवण्याचे काम त्यांचे राहते. फोनवर "चोपडा रस्त्यावर प्राणी पडला आहे" एवढेच सांगितले तर वनरक्षक अंधारात तासभर फिरत राहतो. जवळचा किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबावरचा क्रमांक किंवा मोबाइलवरचे लोकेशन द्यावे, प्राणी उठू शकतो की नाही ते सांगावे, आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव व वेळ लिहून ठेवावी. तिथून माणूस निघाला नाही असे वाटल्यास ११२ वर पोलिसांनाही कळवता येते.

कायद्याची भीती अनेकांना वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार मृत सापडलेला संरक्षित वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असते आणि अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक असते. कळवणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. अडचणीत येतो तो गुपचूप घेऊन जाणारा. मोराची पिसे, साळींदराचे काटे, बिबट्याची नखे, किंवा आपल्याकडे तेलासाठी उचलली जाणारी घोरपड, यांतले काहीही "तसेही मेलेलेच होते" म्हणून घरी नेता येत नाही. मेलेला ससा शिजवण्यासाठी नेणे हाही गुन्हाच आहे, हे गावोगाव सांगण्याची गरज आहे.

घारीबद्दल तुम्ही लिहिले ते वाचून वाईट वाटले, पण ते वारंवार घडते. मेलेल्या प्राण्यावर कावळे, घारी, कोल्हे, कुत्री येतात, खाण्यात गुंततात आणि पुढच्या वाहनाखाली सापडतात. म्हणून लहान प्राणी मेलेला असेल तर छायाचित्र काढून, जागेची नोंद करून, काठीने किंवा फावड्याने त्याला रस्त्यापासून निदान वीस-पंचवीस फूट आत, शक्य असल्यास बांधापलीकडे सरकवावे आणि मग कळवावे. साइडपट्टी पुरेशी नाही. परस्पर पुरू मात्र नये, कारण पंचनामा आणि आवश्यक तिथे शवविच्छेदन व्हायचे असते. बिबट्या, तरस, लांडगा किंवा रोही (नीलगाय) असेल तर हात न लावता वाहनांना दुरून इशारा देत थांबावे. निपचित पडलेला बिबट्या मेलेलाच असतो असे नाही. तो एका झेपेत उठलेला मी स्वतः पाहिला आहे.

पशुवैद्य, शहादा

सर, तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टींवर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत तातडीची गोष्ट तुमचा ओरखडा. रानमांजर, मुंगूस, कोल्हा यांच्यापैकी कोणाचाही दात किंवा नख लागून रक्त आले असेल तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची असते. आठवडा उलटला असला तरी आजच सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते, आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यायचे का हे तिथले डॉक्टर ठरवतील. "किरकोळ ओरखडा आहे" हा विचार कृपया करू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. जखमी प्राण्याच्या तोंडात पाणी घालणे ही आपल्याकडची सहज आलेली दया आहे, पण धक्क्यात असलेला प्राणी नीट गिळू शकत नाही आणि ते पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. मागचे दोन्ही पाय फरफटत असतील तर कणा मोडलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा प्राण्याला उपरण्यात गुंडाळून उचलल्यास उरलेसुरले मज्जातंतूही दुखावतात. त्या क्षणी सर्वांत उपयोगी पडते ती शांतता: माणसे वीस-तीस पावले मागे, मोबाइलचे दिवे बंद, बोलणे बंद, आणि प्राणी स्थिर असेल तर दुरूनच अंगावर डोळे झाकतील असे हलके कापड. हरीण, चिंकारा, ससा यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण पाठलाग, पकड आणि भीती यांच्या ताणाने त्यांचे स्नायू आतून झिजू लागतात आणि वरून एकही जखम नसलेला प्राणी काही तासांनी, कधी काही दिवसांनी, दगावतो. तुम्ही पंधरा जणांना मागे हटवले असते तरी ते मांजर वाचले असते असे मी म्हणणार नाही, पण त्याचा शेवटचा सव्वा तास वेगळा गेला असता.

पक्ष्यांचे थोडे निराळे आहे. रात्री वाहनावर आदळलेले गव्हाणी घुबड किंवा रातवा अनेकदा केवळ बधिर झालेला असतो. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, अन्नपाणी न देता ठेवल्यास काही वेळा तासा-दोन तासांत सावरतो. सापाला हात लावूच नये, तो मेलेला दिसत असला तरीही. नाग, घोणस, मण्यार यांचे डोके धडावेगळे झाल्यावरही काही काळ चावा घेऊ शकते.

आता तिसरी. तुम्ही छायाचित्रे काढली असतील तर त्यांत त्या मांजराच्या पोटाची बाजू दिसते का? मादी असेल आणि आचळे फुगलेली, त्यांच्याभोवतीचे केस झिजलेले असतील, तर ती पिलांना पाजत होती असे समजावे. रानमांजर ऊस, केळी, लव्हाळ्यात पिले घालते. मादी रस्त्यावर मेली तर पिले जवळच कुठेतरी उपाशी असतात, आणि हे कोणी पाहतच नाही.

केळीवाला ड्रायव्हर, रावेर

मी सोळा वर्षे केळीच्या गाड्या चालवतो. डॉक्टर ताईंनी हरणाबद्दल लिहिले ते मला पाच वर्षांपूर्वी कळायला हवे होते. मुक्ताईनगरच्या पुढे पहाटे एक चिंकारा रस्त्यात बसलेला दिसला, पायाला थोडे खरचटले होते. वाट पाहत थांबण्यापेक्षा नेलेले बरे, असा विचार करून आम्ही दोघांनी त्याला केबिनमध्ये घेतले. इंजिनाचा आवाज, आमचा वास, समोरून येणारे दिवे. तो थरथर कापत होता आणि त्याचे हृदय माझ्या तळहाताला जाणवत होते. गावात पोहोचण्याआधीच ते थांबले. चांगले केले असेच मी आजपर्यंत समजत होतो.

चालकांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. रोही सहसा एकटी येत नाही. एक गेली की ब्रेकवरचा पाय काढू नये, कारण मागची दुसरी बहुतेक वेळा त्याच जागेवरून उडी घेते, आणि मोठा नर दोन-अडीचशे किलोचा असल्याने दुचाकीवाला त्यातून वाचणे कठीण. प्राणी समोर दिसल्यावर अप्पर दिवा तसाच ठेवला तर तो दिपून जागेवरच उभा राहतो. दिवा खाली करून वेग कमी केला की बहुतेक वेळा निघून जातो. धुळे–जळगाव–भुसावळ या राष्ट्रीय महामार्गावर प्राणी आडवा पडलेला असेल तर १०३३ वर महामार्गाची गस्तीची गाडी मागवता येते. चौपदरी झाल्यापासून दुभाजकात अडकून मागे-पुढे पळणारी जनावरे मला जास्त दिसतात. रस्त्याखालच्या मोऱ्या मात्र कचरा आणि प्लास्टिकने तुंबलेल्या असतात. त्या मोकळ्या ठेवल्या तर कोल्हा, मुंगूस, रानमांजर खालून जाऊ शकतील. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खास नऊ मार्ग ठेवलेले आहेत, तिथून नागपूरकडे जाताना वरून आमच्या गाड्या जातात आणि खालून वाघ जातो, हे तिथल्या कॅमेऱ्यांत दिसलेले आहे. आपल्याकडे निदान मोऱ्या तरी साफ व्हाव्यात, यासाठी ग्रामपंचायतींनी बांधकाम खात्याकडे लेखी मागणी करावी, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त वनपाल

वाहनातून नेण्याबद्दल एक खुलासा राहिला होता. हेल्पलाइनवरून किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून "घेऊन या" असे सांगितले गेले तरच न्यावे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. पक्षी खोक्यात नेण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. सस्तन प्राण्याला मात्र माणूस आणि पिंजरा तिकडून येऊ द्यावा. ड्रायव्हर भाऊ, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, त्या काळात आम्हीही जीपमध्ये घालूनच आणत असू.

किनगावचा शिक्षक

सर्वांचे आभार. ताईंचे लिहिणे वाचून काल सकाळीच ग्रामीण रुग्णालयात लसीची पहिली मात्रा घेतली.

त्यानंतर छायाचित्रे पुन्हा उघडली. एका चित्रात मांजर कुशीवर कलंडलेले आहे आणि पोटावर आचळांभोवती केस झिजून त्वचेची लहान गोल वर्तुळे उघडी पडलेली स्पष्ट दिसतात. मी १९२६ वर फोन केला, विजेच्या खांबाचा क्रमांक सांगितला, आणि सायंकाळी वनरक्षक आले. बागमालकांनी त्यांच्या सालदाराला (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याला) आमच्यासोबत दिले. रस्त्यापासून साधारण ऐंशी पावलांवर, कापलेल्या खोडांच्या आणि वाळलेल्या पानांच्या ढिगाखाली एक दाबून गोल झालेली जागा सापडली. तिथे तपकिरी केस होते आणि उंदराच्या हाडांचे तुकडे. पिले नव्हती. वनरक्षकांनी आसपासच्या चार-पाच ओळी बॅटरी घेऊन तपासल्या आणि जागेची नोंद करून घेतली.

परत निघताना सालदार म्हणाला की, मागच्या आठवड्यात रात्री पाण्याची पाळी करताना त्याला या बाजूने बारीक आवाज ऐकू येत असे. मळ्यातल्या मांजरीची पिले असतील असे समजून त्याने लक्ष दिले नाही. आवाज दोन रात्री येत होता, असे तो म्हणाला.