मेणवलीची घंटा, गावच्या चर्चमधील घंटानाद आणि ५०४० चा आकडा

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात वाईजवळच्या मेणवलीला जाण्याचा योग आला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, आणि तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत मोठी कांशाची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक, एवढे मला ठाऊक होते. मात्र तिथल्या एका गावकऱ्याने लोलक हलकेच आपटला, तेव्हा जो आवाज निघाला तो आपल्या देवळांतील घंटेसारखा मुळीच नव्हता. आधी एक स्वच्छ ठोका ऐकू आला, मग त्याच्या खालून एक गुंजन सुरू झाले, आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीतरी उदास असे तरंगत राहिले. ते अजून कानांतून गेलेले नाही.

माझी विचारणा अशी की अशी घंटा तिच्या मूळ जागी, म्हणजे एखाद्या गावच्या चर्चमध्ये, नेमकी कशी वाजवली जात असे? इंग्लंडमधील खेड्यांत माणसे दोर ओढून तासन् तास घंटा वाजवतात, पण त्यात कोणतीही धून नसते, असेही वाचले आहे. धून नसेल तर ते नेमके काय वाजवतात? आणि आमचे घराणे होळकरांच्या चाकरीमुळे इकडे आलेले असल्याने एक पोटप्रश्न : वसईच्या वेढ्यात होळकरांचा सहभाग होता का?

उत्तर : मोडीवाचक (ग्वाल्हेर)

आपल्या पोटप्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. होय, सहभाग होता. १७३८ च्या आरंभी भोपाळचे निजामाबरोबरचे प्रकरण मिटल्यावर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे दोघेही कोकणात चिमाजीअप्पांच्या मदतीला गेले. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला, तेव्हा १५३४ पासून चालत आलेली पोर्तुगीजांची सत्ता तिथून उठली. शरण आलेल्या फौजेला मानाने बाहेर पडू देण्यात आले. या मोहिमेची आठवण आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे फारशी काढली जात नाही, याची मला खंत वाटते. आपण शिंदे-होळकरांचे नाव माळव्याशी आणि पानिपताशी जोडतो आणि समुद्रकिनाऱ्यावरची ही लढाई विसरून जातो.

दोनशे वर्षांच्या त्या काळात वसईच्या कोटात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांचे मठ आणि चर्च उभे राहिले होते, तर कोटाबाहेरच्या गावांची चर्च वेगळी होती. त्या मनोऱ्यांतील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या आणि देवळांना अर्पण झाल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा सर्वांना माहीत आहे. ते देऊळ १७४७ मधले आहे, आणि पुराचे पाणी त्या घंटेला लागले की नाशिककर पुराचे गांभीर्य ओळखतात. भीमाशंकरला अशीच एक घंटा आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे आणि थेऊरलाही आहे. मला विशेष वाटते ते हे की घंटा देवळात टांगताना मेणवलीला मरियेची आकृती कोणी कानशीने घासून काढली नाही आणि भीमाशंकरला क्रूसही पुसला नाही. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू तिच्या मूळ लेखासह ठेवली गेली, म्हणूनच आज आपल्याला तिचे साल वाचता येते.

उत्तर : षड्ज (इंदूर)

मी गायन शिकवतो, त्यामुळे आवाजाच्या बाजूने लिहितो.

आपण ज्याला उदास म्हणता ते भासमान नाही. युरोपीय घंटेचा काठ जाड आणि बाहेर पसरलेला असतो, आणि लोलक त्या जाड भागावरच आपटतो. त्या एका आघातातून अनेक स्वर एकदम उठतात. सर्वांत खाली खर्जासारखी गुंज असते, तिच्या वर सुमारे एका सप्तकावर मूळ स्वर असतो, त्याच्यावर पंचमाच्या जवळचा एक स्वर असतो, आणि मूळ स्वराच्या सापेक्ष साधारण कोमल गंधाराच्या जागी आणखी एक ठळक स्वर असतो. उदासपणा आणतो तो हा कोमल गंधार. कांशाच्या ओतीव घंटेची घडणच अशी असते की शुद्ध गंधार तिच्यातून सहजासहजी निघत नाही. घंटेच्या कांशात तांबे सुमारे ७७ ते ७८ टक्के आणि उरलेले कथील असते. कथिलाचे हे प्रमाण भांड्यांच्या धातूच्या मानाने बरेच जास्त असल्यामुळे नाद लांबतो, पण धातू ठिसूळही होतो, आणि चुकीच्या जागी हातोडा मारला तर घंटा तडकते.

आता धून नसण्याविषयी. पोर्तुगीज परंपरेत घंटा बहुधा जागच्या जागी ठेवून दोराने लोलक ओढत किंवा ती तुळईवर झुलवत. इंग्लंडमध्ये १७व्या शतकात मात्र वेगळीच रीत रूढ झाली. तिथे घंटेच्या तुळईला एक पूर्ण लाकडी चाक जोडतात आणि चाकावरून दोर खाली सोडतात. वाजवण्यापूर्वी घंटा झुलवत झुलवत उलटी, म्हणजे तोंड आकाशाकडे, उभी करतात. एका ओढीला ती जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा उलटी होते आणि त्या फेरीत एकदाच वाजते. कित्येक मणांचे ते वजन एकदा सुटले की त्याची गती त्याचीच असते. वाजवणारा तिला किंचित उशीर करू शकतो किंवा किंचित घाई करू शकतो, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नसते. अशा घंटांवर धून वाजवणे शक्यच नाही. म्हणून त्या लोकांनी क्रमच बदलत नेण्याची विद्या घडवली. सहा घंटा असतील तर आधी सर्वांत उंच स्वराच्या घंटेपासून सर्वांत खालच्या स्वरापर्यंत सरळ अवरोह वाजतो, १२३४५६. मग २१४३६५, मग २४१६३५, आणि असेच पुढे. प्रत्येक ओळीत प्रत्येक घंटा एकदाच वाजते, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना ती फार तर एक जागा सरकते, आणि एकदा वाजलेली ओळ पुन्हा येता कामा नये. हे सारे कागद न पाहता, तोंडपाठ.

सात घंटांचे असे क्रम ५०४० होतात आणि ते सगळे वाजवायला सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे ४०३२० होतात. १९६३ च्या जुलैत इंग्लंडमधील लफबरो येथे आठ जणांनी तेही पूर्ण केले, त्याला १७ तास ५८ मिनिटे लागली.

हा ५०४० चा आकडा वाचून इंदूरच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. सात स्वरांचे मेरुखंड, म्हणजे त्या स्वरांचे क्रम बदलून होणारे सगळे प्रस्तार, हेही ५०४० च आहेत. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात स्वरांचे हे प्रस्तार मांडले, आणि कोणत्या क्रमांकावर कोणता प्रस्तार येतो किंवा दिलेला प्रस्तार कितवा, हे काढण्याची रीतही सांगितली. आपल्या गावचे उस्ताद अमीर खाँ यांनी हीच मेरुखंडाची तालीम वडिलांकडून घेतली आणि तिच्यातून आपली गायकी उभी केली. इंग्लंडमध्ये या घंटाविद्येवरचे पहिले पुस्तक १६६८ मध्ये छापले गेले, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या सहा वर्षे आधी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. फरकही मोठा आहे. मेरुखंडात एकच गळा सातही स्वर फिरवतो आणि रागात न बसणारे प्रस्तार टाकून देतो, तर तिथे एका माणसाकडे एकच स्वर असतो आणि काहीही टाकायचे नसते.

रामबागकर

मनापासून आभार. कोमल गंधाराचे वाचल्यावर मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केलेला तो ठोका तंबोऱ्याबरोबर पुन्हा ऐकला, आणि तो स्वर स्पष्ट सापडला. पण गावातील लोकांसाठी या घंटेचा रोजचा अर्थ काय होता, हे अजून जाणून घ्यावेसे वाटते.

उत्तर : वसईकर (सध्या इंदूर)

माझे बालपण वसईतील एका ख्रिस्ती गावात गेले, म्हणून हे मी लिहितो. आमच्याकडे घरात बोली मराठीच होती आणि दिवस घंटेवर चाले. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी आंजेलसची घंटा होई. तीन ठोके, मग विराम, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि शेवटी सलग नाद. विरामात मरियेची प्रार्थना म्हणायची असते, त्यामुळे वाडीत पाणी लावणारा माणूसही हातातले काम थांबवून उभा राही. संध्याकाळच्या घंटेनंतर आम्हा मुलांनी घराबाहेर राहायचे नाही, असा आईचा दंडक होता.

मृत्यूची घंटा निराळी असे. एकेक ठोका, आणि पुढच्या ठोक्याआधी इतका वेळ जाई की आता संपले असे वाटावे. ती ऐकताच बायका एकमेकींना अंगणातून विचारत, कोणाच्या घरचे? इंग्लंडच्या अनेक खेड्यांत तर पुरुषासाठी तीनदा तीन, स्त्रीसाठी तीनदा दोन आणि त्यानंतर वयाच्या वर्षांइतके ठोके देण्याची प्रथा होती, म्हणजे शेतातल्या माणसाला नावही कळून चुके.

देवळातील घंटेशी मला जाणवलेला भेद असा : देवळात येणारा प्रत्येक जण स्वतः घंटा वाजवतो आणि आपण आल्याचे देवाला कळवतो. चर्चमध्ये घंटेचा दोर एकाच्या हाती असतो आणि तिचा नाद बाहेरच्यांसाठी असतो. मेणवलीच्या घंटेने ही दोन्ही कामे केलेली आहेत.

उत्तर : षड्ज (इंदूर)

एक राहिले. इंग्रजी पद्धतीचा आठ घंटांचा संच पाहायला इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्यात पंचहौद मिशनच्या चर्चला वेगळा उंच मनोरा आहे, आणि त्यात लफबरोच्या ओतशाळेतून आलेल्या आठ घंटा आहेत. हे तेच पंचहौद, जिथल्या १८९० मधल्या चहापानावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावे लागले. पुढच्या वेळी वाईला जाताना वाटेत थांबावे. मनोऱ्यात जायला मिळाल्यास घंटेला हात लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारावे, कारण उलटी उभी केलेली घंटा आणि तिचा दोर हे दोन्ही अनोळखी हाताला धोक्याचे असतात.