ब्रश कटर फोर-स्ट्रोकच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर बोला

माळीबुवा:

नऊ वर्षं टू-स्ट्रोक ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं हातातलं यंत्र) वापरला. तो गेला भावाच्या हातून. घाईत त्याने पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाऐवजी साध्या पेट्रोलचा कॅन ओतला. यंत्र सुरुवातीला चांगलंच पळालं, मग आवाज घट्ट होत गेला आणि बंद पडलं. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि रिंग खाचेत चिकटलेली.

भावाला मी दोष देत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतूनच, वर जातं, म्हणून तळाशी ऑइल साठवता येत नाही. बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचंच. 50:1 म्हणजे लिटरला फक्त 20 मिली. ते 20 मिली घालायचे राहिले की खेळ संपला. उलट फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल तळाशी वेगळं असतं; त्यात कोणी चुकून मिश्रण ओतलंच, तर थोडा धूर होईल, प्लग काळा पडेल, टाकी रिकामी करून पुढे कामाला लागता येईल. घरातली चार माणसं जे यंत्र वापरणार, त्यात एका चुकीला एवढी शिक्षा नसावी.

आता 35 सीसीचा फोर-स्ट्रोक आहे, दोन हंगाम झाले. पेट्रोल कमी लागतं आणि संध्याकाळी कपड्यांना धुराचा वास येत नाही. बागेसाठी नवं इंजिन घ्यायचं तर हेच घ्या.

करवतकर:

माळीबुवा, चूक कॅनची आणि फाशी इंजिनाला. दोन कॅन, दोन रंग, झाकणावर ठसठशीत अक्षरं. एवढ्याने तुमचा प्रश्न सुटला असता.

मी झाडं छाटतो. फांदीवर बसून चेनसॉ कधी आडवी, कधी उलटी धरावी लागते. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक. मिनिटाला 9000 फेरे धरले तर सेकंदाला 150 स्फोट विरुद्ध 75. म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी टू-स्ट्रोक लहान आणि हलका राहतो. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. पेट्रोलवरच्या चेनसॉ आजही जवळजवळ सगळ्या टू-स्ट्रोक का आहेत, याचं उत्तर कारखानदारांच्या हट्टात नाही, माझ्या खांद्यात आहे. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्याला अर्धा किलोसुद्धा कळतो.

माळीबुवा:

चेनसॉ तुम्हालाच दिली, त्यावर वाद नाही. पण 'आडवं धरलं की तळातलं ऑइल सरकतं आणि फोर-स्ट्रोक मरतं' ही समजूत जुनी झाली. होंडाने 1997 मध्येच कुठल्याही कोनात चालणारं 31 सीसीचं फोर-स्ट्रोक आणलं. त्यात ऑइलचा बारीक फवारा करून सगळीकडे पोचवतात. माझा ब्रश कटर उतारावर, बांधाला टेकवून, कसाही चालतो. शिवाय खालच्या फेऱ्यांवर त्याचा जोर टिकतो. जाड गवतात टू-स्ट्रोकला सतत रेस करत राहावं लागायचं, ते आता नाही.

पानाफिटर:

दुरुस्ती हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. फोर-स्ट्रोक क्षमाशील आहे हे अर्धंच खरं.

25 सीसीच्या छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल असतं 80 मिलीच्या आसपास. त्यातलं 30 मिली जळालं किंवा गळालं तर राहिलं किती? पहिलं ऑइल साधारण 10 तासांनी बदलायचं, नंतर दर 50 तासांनी. माझ्याकडे येणाऱ्यांना विचारतो, शेवटचं ऑइल कधी बदललं? बहुतेक जण माझ्याकडेच बघत राहतात. झाकण उघडलं की काळा चिखल. टू-स्ट्रोकवाला निदान टाकी भरताना दर वेळी ऑइलचा विचार करतो, ते त्याला भागच आहे. फोर-स्ट्रोकवाला विसरू शकतो, आणि विसरतो.

दुसरं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ती बिघडली की यंत्र दोरीला दाद देत नाही, आणि माणूस प्लग बदलत बसतो. टू-स्ट्रोक अडलं तर मी आधी सायलेन्सरची जाळी काढतो. कार्बनने तुंबलेली असते. साफ केली की निम्म्या वेळा काम झालं.

आणि लॉनमोवरवाल्यांनो, पातं साफ करायला यंत्र आडवं करताना कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहू द्या. नाहीतर ऑइल थेट एअर फिल्टरमध्ये उतरतं.

शेजारची_खिडकी:

तुम्ही सगळे यंत्र धरणारे बोलताय. मी खिडकीआड बसून तो धूर घेणारी आहे. मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून हे मला वाचावं लागलं. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जायचं आणि ताजं मिश्रण आत यायचं तोंड काही क्षण एकदमच उघडं असतं. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच बाहेर पडतो. तो जातो कुठे? आमच्या घरात.

2011 मध्ये एडमंड्स या अमेरिकी वाहनविषयक कंपनीने टू-स्ट्रोक ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) आणि 6.2 लिटर इंजिनाचा पिकअप ट्रक यांचा धूर मोजला. ब्लोअरचे हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचे वायू, ट्रकच्या जवळपास 300 पट निघाले. यावर अर्ध्या किलोचं वजन सांगू नका, करवतकर.

करवतकर:

ताई, मुलाच्या त्रासापुढे माझा खांदा मोठा नाही. पण त्याच चाचणीत फोर-स्ट्रोक ब्लोअरही होता. त्याचा कार्बन मोनॉक्साइड ट्रकच्या तेरापटीहून जास्त आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जवळजवळ सातपट. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये नियम केला की 2024 च्या मॉडेलपासून बहुतेक नवी छोटी इंजिनं शून्य धुराची हवीत. त्या नियमाने टू आणि फोर असा भेद केलेला नाही. तुमची खिडकी खरोखर मोकळी व्हायची तर बॅटरी हवी, फोर-स्ट्रोक नव्हे.

शिवाय आजचं टू-स्ट्रोक तेच राहिलेलं नाही. नव्या रचनेत आधी नुसती हवा आत सोडतात, ती जळका धूर ढकलते, मिश्रण तिच्यामागून येतं. निसटते ती बरीचशी हवाच.

शेजारची_खिडकी:

बॅटरीचं मान्य. पण ती येईपर्यंत तेरापट आणि तीनशेपट यांत मला निवड करता येते.

करवतकर:

तुम्ही दोन वेगळ्या वायूंचे आकडे शेजारी ठेवताय. कार्बन मोनॉक्साइडला कार्बन मोनॉक्साइडच लावा: टू-स्ट्रोकचा 23 पट, फोर-स्ट्रोकचा साडेतेरा. फरक आहे, नाकारत नाही. तीनशेचा मात्र नाही.

शेजारची_खिडकी:

आणि हायड्रोकार्बनला हायड्रोकार्बन लावलं तर? वास त्याचाच येतो. ते तुम्ही सोडून दिलंत.

नवखा_बागवान:

मी आठवड्यातून तासभर गवत कापणार. एका कंपनीचं चार-स्ट्रोक पण मिश्रणावर चालणारं इंजिन पाहिलं. हे काय प्रकरण आहे?

पानाफिटर:

स्टिल कंपनीचं फोर-मिक्स म्हणत असाल. व्हॉल्व्ह आहेत, पण ऑइलची वेगळी जागा नाही. 50:1 मिश्रणच घालायचं, त्यातूनच आतल्या भागांना वंगण. म्हणजे ऑइल बदलायचं नाही, पण टॅपेट तपासायचे. आणि माळीबुवांच्या भावासारखी चूक केलीत तर तेही वाचणार नाही, 'चार-स्ट्रोक आहे' म्हणून साधं पेट्रोल ओतू नका.

तासभरच काम असेल तर मला इंजिनापेक्षा तुमच्या पेट्रोलची काळजी आहे. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसतं, ऑइल वरच्या थरात राहतं, आणि टाकीतली नळी तळातून ओढते. मग 50:1 मोजून केलेलं असूनही पिस्टन कोरडा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं, जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं घ्या. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू 3 घेऊ नका.

नवखा_बागवान:

आणि मिश्रण ढवळायचं की हलवायचं?

पानाफिटर:

आधी थोडं पेट्रोल, मग सगळं ऑइल, झाकण लावून हलवा. मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. यंत्राच्या टाकीत ओतण्याआधी कॅन दर वेळी हलवा. आणि त्यावर तारीख लिहा.

माळीबुवा:

तारखेचं मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तरी माझं मत बदलत नाही.