सैन्यात जावं की नाही? ठरवताना तुमच्या घरी काय झालं, ते लिहा

कडीपत्ता

मुलुंडला राहतो. मुलगा अकरावीत. जेईईचा क्लास लावलाय, पहिला हप्ता भरून झालाय, आणि गणपतीत सगळे जमलेले असताना त्याने मोदक खाता खाता सांगितलं की त्याला एनडीए द्यायची आहे, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायला बारावीनंतर प्रबोधिनीत जातात, तिची परीक्षा. दीर म्हणाले, "शाब्बास!" (त्यांचा मुलगा कॅनडात आहे.) सासूबाई उठून आत गेल्या. नवरा म्हणतो, बारावीपर्यंत उतरेल खूळ.

माहिती नकोय, ती तोंडपाठ झाली. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. लेखी ९०० गुण, त्यात ३०० गणिताचे. मग एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखत, तिचे आणखी ९००. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. निवड झाली की प्रशिक्षण, तीन वर्षं खडकवासला, पुढे एक वर्ष डेहराडून. मला हवंय ते माहितीपत्रकात छापत नाहीत. तुम्ही हा निर्णय घेतला असेल, टाळला असेल किंवा तुमच्या वतीने दुसऱ्याच कुणी घेतला असेल, तर लिहा. 'देशसेवा' आणि 'पगार' हे दोन शब्द न वापरता जमलं तर बघा. आणि कृपया कुणाची नावं, युनिटं नकोत.

घाटावरचा

ताई, तुमच्याकडे प्रश्न तरी पडला. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात तो पडायचाच नाही. आमच्या भागात अपशिंगे आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. असल्या मुलखात बारावी झालेलं पोरगं पहाटे रस्त्यावर पळताना दिसलं की कुणी विचारत नाही का पळतोस. पळता आलं तर पलटण, नाहीतर मुंबईला चुलत्याकडे माथाडीत. मला पळता आलं.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलो. गंमत बघा, या रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली ती मुंबई बेटाच्या राखणीला. माझ्या कंपनीत मात्र मुंबईत वाढलेली दोनच पोरं होती, आणि त्यातलं एक रात्री झोपेत स्टेशनांची नावं घ्यायचं.

सतरा वर्षं काढली. थंडी, बर्फ, पहारा याबद्दल लोक विचारतात. ते अंगवळणी पडतं. सुट्टीचं पडत नाही. वर्षाला दोन महिने वार्षिक सुट्टी असते, मिळतेही, पण आपल्याला हवी तेव्हा मिळेलच असं नाही. थोरलीच्या बारशाला नव्हतो. धाकट्याच्या वेळी बरोबर तारीख काढून सुट्टी घेतली, तर पठ्ठ्या दहा दिवस आधीच आला.

छत्तिसाव्या वर्षी नावापुढे 'माजी' लागलं. आता बांद्रा-कुर्ला संकुलात एका इमारतीच्या गेटवर सुपरवायझर आहे. गेट उघडायला उशीर झाला की गाडीतली पोरं हॉर्न वाजवतात. माझं सगळ्यात जड वर्ष कुठलं विचाराल तर हे गेटवरचं पहिलं. पेन्शन आहे म्हणून विक्रोळीत स्वतःची खोली झाली, हेही खरं. तुमचा मुलगा अधिकारी म्हणून जाईल, तो हिशोब वेगळा असतो.

चेस्टनंबर१७

तीनदा एसएसबी, तीनदा घरी. भोपाळ दोनदा, बंगळूर एकदा. आता बँकेत आहे, बरं चाललंय.

पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी बाहेर. सकाळी बुद्धिमत्तेची चाचणी, मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात. त्यावर गोष्ट लिहायची, नंतर गटात चर्चा करून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. मी दादरला विरार गाडीत शिरतात तसा चर्चेत शिरलो. कोपर मारून जागा केली आणि कुणाला बोलू दिलं नाही. वाटलं, याला नेतृत्व म्हणतात. दुपारी परतीच्या गाडीत होतो.

दुसऱ्या खेपेला पाच दिवस टिकलो. मानसशास्त्राच्या चाचण्यांत बारा गोष्टी लिहायच्या, शेवटचं चित्र कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. एका क्लासने मला तयार गोष्टी दिल्या होत्या. माझ्या बाराच्या बारा नायकांनी कुणाला ना कुणाला बुडताना वाचवलं. त्या गोष्टी तपासणाऱ्या साहेबांची मला आज दया येते.

पण खरा फटका मुलाखतीत बसला. करंट अफेअर्स घोटून गेलो होतो. त्यांनी विचारलं, चाळीत राहतोस ना, किती बिऱ्हाडं? म्हटलं, बत्तीस. म्हणाले, त्यातल्या पाच घरांत कोण काय काम करतं, सांग. मला तीन सांगता आली, तिसरं अंदाजाने. बावीस वर्षं त्या चाळीत राहत होतो. समोरच्या काकांनी माझ्या मुंजीत वाढप केलं होतं आणि ते कुठे नोकरीला होते हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळेआधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राहून आलो. राज्य सरकारचं आहे, राहणं-खाणं-शिकवणं फुकट. लेखी पास झालेल्यांना घेतात, एसएसबीची तयारी करून घेतात. मुंबईत हे कुणाला माहीतच नसतं आणि क्लासवाले कशाला सांगतील? यावेळी मी काही ठरवून बोललो नाही. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांची शेवटची बैठक झाली आणि निवडलेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले) वाचले. माझा १७. चौदा झाला, सोळा झाला, एकोणीस झाला.

आई "बरं झालं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. चाळ आता पुनर्विकासाला गेली. त्याआधी मी बत्तीसही घरं फिरून घेतली.

कडीपत्ता

@चेस्टनंबर१७, म्हणजे क्लास लावूच नये का?

चेस्टनंबर१७

लेखीसाठी वेगळा नको, जेईई करतोय तर गणिताची भीती नाही. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान घरी होतं. एसएसबीसाठी मात्र तयार गोष्टी विकणाऱ्यांकडे मुलाला फिरकू देऊ नका.

शिवणक्लास

पगार हा शब्द सोडून आमच्या घरचं लिहिताच येणार नाही, माफ करा. भाऊ नोकरीत आहे, त्याला असं कुठे लिहायची परवानगी नाही, म्हणून मी लिहिते. राहायला गोवंडी, पप्पा रिक्षा चालवतात.

भाऊ २०१९ पासून पळत होता. मग कोविड आला आणि भरतीच बंद. दोन वर्षं नुसता पळाला. जून २०२२ मध्ये अग्निपथ जाहीर झालं, म्हणजे चार वर्षांसाठी जवान घ्यायची योजना, त्यांना अग्निवीर म्हणतात. वयाची अट २१, हा तेव्हा बावीस पूर्ण. त्या रात्री तो जेवला नाही. दोन दिवसांनी बातमी आली की फक्त या वर्षापुरती मर्यादा २३ केली आहे. पप्पांनी पेढे आणले, म्हणजे नुसता अर्ज करता येणार म्हणून पेढे!

मुंब्र्याच्या स्टेडियममध्ये भरती झाली. उंची १६८ लागते, याची १६९. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर ६० गुण, दहा पुलअप काढले तर ४०. शंभरपैकी शंभर घेऊन आला. मग मेडिकल, मग लेखी.

आता आमचा हिशोब. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० कापून निधीत जातात, हातात २१,०००. सरकार तेवढेच ९,००० घालतं. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. चार वर्षांनी व्याजासकट ११.७१ लाखांच्या आसपास, करमुक्त. पेन्शन नाही. जास्तीत जास्त २५ टक्के लोक पुढे कायम होणार. त्याचे तिथे तीन जिवलग मित्र झालेत. फोनवर हसत म्हणतो, आम्ही चौघं मिळून एक नोकरी.

आमच्या घरात "निधी आला की" या शब्दांनी खूप वाक्यं सुरू होतात. छत, पप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन, माझं लग्न. तीन गोष्टी आणि रक्कम एकच. तरी त्याला विचारलं, चूक झाली का? तर म्हणाला, इथे मला पहिल्यांदा स्वतःचा पलंग मिळाला.

वाचनमात्र

चार वर्षांनी घरी पाठवतात, त्यापेक्षा पोलीस भरती बरी. ५८ पर्यंत चिंता नाही.

शिवणक्लास

तीही दिली होती. लेखीत तीन गुणांनी राहिला.

बदलीवाली

वडील अधिकारी होते. बारा वर्षांत आठ शाळा. कुणी "तुमचं गाव कुठलं" विचारलं की मला आधी मोजावं लागायचं. सातवीत आठ महिन्यांसाठी मैत्रीण झाली, तिचं आडनावही आता आठवत नाही. शेवटची बदली कुलाब्याला, खिडकीतून समुद्र. मग बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि आयुष्यभर सल्यूट घेतलेल्या माणसाला मुंबईत काय परवडतं ते कळलं. पनवेलच्या पुढे राहतात.

मी नाही गेले. भाऊ गेला. एकाच घरात वाढलो, त्याला त्याच आठ शाळा आवडल्या होत्या म्हणे.

गिरगावकरीण

मी दहा वर्षं करून बाहेर पडले, म्हणून लिहिते.

मी बारावीत असताना मुलींना एनडीएचा अर्जच भरता येत नव्हता. कॉलेजात एनसीसी केलं, 'सी' सर्टिफिकेट मिळवलं. त्यावर लेखी परीक्षा माफ असते, थेट एसएसबी. मग चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे. पहिल्या महिन्यात आईला फोनवर सांगितलं, पाय दुखतात. आई म्हणाली, मीठ-पाण्यात बुडव. मी बादली शोधतेय तेवढ्यात शिट्टी झाली.

शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं, हवं तर आणखी चार. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, महिलांनाही कायमस्वरूपी कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी राहता येणं) द्या म्हणून. मेसमध्ये त्या दिवशी आम्ही दोघीच होतो; दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि चहा घेतला. तिने पुढे अर्ज केला. मी नाही केला. कारण काही उदात्त नाही, गिरगावात आई एकटी होती आणि जिना चार मजल्यांचा.

दहा वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला पेन्शन नसते, त्याला वीस वर्षं लागतात. हे स्थळं बघताना फार जणांना समजावलं. त्यांना एकच समजायचं, मुलगी बदलीची आहे.

आता पवईला एका कंपनीत आहे. माणसं हाताळणं सोपं जातं, त्यांच्या मीटिंगा सोसणं नाही. मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, ते संचलन मी अशाच एका मीटिंगमध्ये लॅपटॉपवर आवाज बंद करून पाहिलं. कॅमेराही बंद केला होता, ते बरं झालं.

हिरवालाल

माझं छोटं आहे. अंधेरीचा. लेखी पास, एसएसबीत शिफारस, घरी हार-तुरे, सोसायटीच्या फलकावर अभिनंदन. मग मेडिकल. ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक समोर धरलं, त्यात आकडे दिसायला हवेत. मला नुसते ठिपके दिसले. रंगदृष्टी सदोष, अपात्र. अठरा वर्षांत मला माहीतच नव्हतं, कारण सिग्नलला वरचा दिवा लाल एवढं पुरतं.

अपीलही केलं. डोळे तेच, निकाल तोच. सोसायटीने तो फलक मात्र दोन महिने पुसला नाही.

ताई, क्लास, पळणं, सगळं नंतर. साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही चाचणी दहा मिनिटांत होते. सोबत कान, सपाट तळवे, गुडघे जुळतात का, तेही बघून घ्या.

घाटावरचा

@हिरवालाल, आमच्यात एकाला कानात मळ होता म्हणून परत धाडलं होतं. तो साफ करून दुसऱ्यांदा आला. तुमचं तसं होण्यासारखं नव्हतं, वाईट वाटलं.

कडीपत्ता

सगळ्यांचं वाचलं. मुलानेही वाचलं, त्याला मुद्दाम दिलं. अग्निवीर दादाचं वाचून बराच वेळ गप्प होता. चाळीचा प्रश्न वाचून खाली गेला आणि अर्ध्या तासाने वर आला. आमच्या वॉचमनचं गाव प्रतापगढ, दोन मुली आहेत, थोरली बारावीला. सहा वर्षं आहेत ते आमच्याकडे. मलाही माहीत नव्हतं.

सासूबाईंनी आज विचारलं, खडकवासल्याला रविवारी भेटायला सोडतात का.

डोळ्यांच्या डॉक्टरची शनिवारी अकराची वेळ मिळाली आहे. जेईईचा दुसरा हप्ता पंधरा तारखेला, तो भरतोय.