घन पदार्थ काहीच करत नाहीत? बंडीची धाव बघा

घन पदार्थांबद्दल एकांनी लिहिलंय, घन म्हणजे आपला आकार न सोडणारी वस्तू, त्यात समजून घेण्यासारखं काय! आमच्या यवतमाळकडे बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना पाहिली असती, तर असं लिहिलं नसतं. धाव मुद्दामच चाकापेक्षा जराशी लहान करतात. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईस्तोवर तापवायची, तिघाचौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणाचे दोनचार ठोके, की लगेच पाणी. चर्र आवाज, जळक्या लाकडाचा वास, आणि धाव गार होऊन आकसते, सगळे आरे करकरत आवळतात. लोखंड तापलं की दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ४ मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली की घेर २४ मिलिमीटरनं वाढतो. म्हणजे बोटभर सुद्धा नाही, पण तेवढ्यावर चाक वर्षानुवर्षं चालतं.

लाकडाचं निराळंच. ते उन्हाळ्यात सुकून आकसतं, धाव ढिली पडते. मग चाकं नाल्याच्या पाण्यात भिजत घालायची. आता टायरच्या बंड्या आल्या, हे कोण करतं म्हणा.

काळी मातीही घनच ना? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या पडवीच्या भिंतीतली तिरपी चीर त्याचीच.