मदत हवी आहे: आयोवातील काउंटी कृषी विस्तार परिषदेवर नेमणूक झाली आहे, सदस्याने देखरेख कुठवर करावी?

माळरान:

नमस्कार. आयोवा राज्यातील एका लहान काउंटीत आम्ही गेली चौदा वर्षे राहत आहोत. येथील कृषी विस्तार परिषदेच्या एका सदस्याने मुदत संपण्यापूर्वीच काउंटी सोडल्यामुळे जागा रिकामी झाली आणि उरलेल्या मुदतीसाठी परिषदेने गेल्या ऑगस्टमध्ये माझी नेमणूक केली. मी महाविद्यालयात गणित शिकवते, शेती करत नाही. माझे वडील मात्र सातारा जिल्ह्यात पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी होते. सभेची विषयपत्रिका, ठराव, अनुमोदन, इतिवृत्त हे शब्द घरात रोज कानावर पडत असल्यामुळे हे काम मला झेपेल असे वाटले होते. सहा महिन्यांनंतर दोन प्रश्नांपाशी मी अडले आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

ज्यांना येथील रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. अमेरिकेतील कृषी विस्तार सेवा, म्हणजे विद्यापीठातील शेतीविषयक ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था, 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने उभी राहिली. या सेवेत केंद्रीय कृषी खाते, राज्याचे भू-अनुदानित विद्यापीठ (सरकारने दिलेल्या जमिनीच्या आधारे उभे राहिलेले) आणि काउंटी असे तीन भागीदार असतात आणि पैसाही तिघांकडून येतो. काउंटीच्या बाजूने देखरेख कोणी करावी हे मात्र प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने ठरवले आहे. आयोवात त्यासाठी स्वतंत्र निवडून आलेली परिषद असते. तिचे नऊ सदस्य सार्वत्रिक निवडणुकीत, पक्षचिन्हाविना, चार वर्षांसाठी निवडले जातात आणि मानधन घेत नाहीत. राज्यात काउंट्या 99 आणि विस्तार जिल्हे 100 आहेत, कारण पॉटावॅटामी काउंटीत पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे आहेत. काउंटीचा एकूण कारभार पाहणारे पर्यवेक्षक मंडळ वेगळे असून आमची परिषद त्याच्या हाताखाली नाही. मालमत्ता करात आमचा स्वतंत्र हिस्सा असतो आणि त्याची कमाल मर्यादा कायद्याने लोकसंख्येनुसार ठरवून दिलेली आहे. म्हणजे आम्ही नऊ जण शेजाऱ्यांवर प्रत्यक्ष कर बसवतो, आणि ही गोष्ट मला सतत जाणवत राहते.

पहिला प्रश्न पैशाचा आहे. आमची शिल्लक वर्षभराच्या खर्चाहून अधिक झाली आहे. दुसरीकडे, फोर-एच या मुलांच्या विस्तार कार्यक्रमातील उपक्रमांचे संयोजन करणारे पद, जे परिषदेच्याच पैशातून भरले जाते, ते आठ महिने रिकामे आहे. अंदाजपत्रक आमच्यासमोर एका पानावर येते आणि त्यात वेतन, कार्यालय, कार्यक्रम, इतर एवढ्याच ओळी असतात. "इतर"मध्ये काय आहे असे विचारले असता, गेल्या वर्षीप्रमाणेच आहे, असे उत्तर मिळाले. कोणी लबाडी करत आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. सगळे ओळखीचे, कष्टाळू लोक आहेत. परंतु ओळखीमुळेच प्रश्न विचारणे अवघड होते आणि विचारणारा अविश्वास दाखवतो आहे असा अर्थ घेतला जातो.

दुसरा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. विद्यापीठाचे पीकतज्ज्ञ, जे अनेक काउंट्यांत मिळून काम करतात, त्यांनी फेब्रुवारीअखेर आमच्या कार्यालयात एक सत्र ठेवले आहे. मक्याला नत्र किती आणि केव्हा द्यावे, हिवाळ्यात राय किंवा ओटसारखे आच्छादन पीक घेतल्याने किती नत्र वाहून जाण्यापासून वाचते, आणि जमिनीखालील निचरा नळ्यांतून ओढ्यात नेमके काय उतरते, हे त्याचे विषय आहेत. जानेवारीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने हे सत्र रद्द करावे अशी सूचना मांडली. शेतकऱ्यांच्या करातून शेतकऱ्यांनाच दोष देणारा कार्यक्रम नको, असे त्यांचे म्हणणे होते. वेळ संपल्यामुळे सूचना पुढच्या बैठकीपर्यंत लांबली.

त्यांच्या बोलण्यामागचे दुखणे मी समजू शकते. 2015 मध्ये डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, ब्युना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंट्यांतील निचरा जिल्ह्यांविरुद्ध (शेतातील पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक संस्था) नायट्रेटवरून, म्हणजे पाण्यात विरघळून वाहून येणाऱ्या नत्रावरून, दावा दाखल केला होता; तो 2017 मध्ये फेटाळला गेला, पण गावागावांत त्याची कटुता अजून शिल्लक आहे. त्यात जून 2025 मध्ये मध्य आयोवात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट मर्यादेत ठेवण्यासाठी हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली आणि सगळी बोटे पुन्हा शेताकडे वळली. असे असताना आपल्याच कार्यालयात हा विषय नको असे एखाद्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची केंद्रीय मर्यादा (त्यातील नत्र मोजून) लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, आणि येथे अनेक शेतकरी कुटुंबे स्वतःच्या विहिरीचेच पाणी पितात. ही माहिती सर्वांत आधी त्यांच्या उपयोगाची आहे.

म्हणून माझे विचारणे असे आहे. निवडून आलेल्या स्थानिक सदस्याने पैशाचा हिशेब कसा मागावा की ज्यामुळे कामही होईल आणि माणसेही दुखावणार नाहीत? आणि तज्ज्ञाने काय शिकवावे यात परिषदेने पडू नये हे मी कोणत्या आधारावर मांडू? माझे मत पक्के आहे, पण माझ्याजवळ शब्द नाहीत.

निवृत्त सेवक:

माळरानताई, मी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. आपल्या वडिलांच्या नोकरीचा उल्लेख वाचून बरे वाटले. आपल्याला जो शब्द सापडत नाही तो बहुधा त्यांच्या कपाटातील प्रत्येक फाइलवर लिहिलेला असेल. आपल्याकडे कोणत्याही कामाला दोन मंजुऱ्या लागतात, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता. बंधारा बांधायचा की नाही, कोणत्या गावात, किती रकमेचा, हे ठरवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या समितीचा असतो. त्या बंधाऱ्याचा पाया किती खोल असावा हे अभियंता ठरवतो, आणि सभापतींनी कितीही आग्रह धरला तरी ती सही अभियंत्याचीच लागते. प्रत्यक्षात ही रेघ किती वेळा पुसली गेली ते मी पाहिले आहे; दबावाखाली बियाण्याच्या शिफारशी बदललेल्याही पाहिल्या आहेत, आणि त्याचे नुकसान ज्यांच्या नावाने दबाव आणला गेला त्याच शेतकऱ्यांना सोसावे लागले. आपल्या काउंटीत कोणते विषय महत्त्वाचे आहेत, कोणत्या गटापर्यंत विस्तारसेवा पोहोचत नाही, सत्रे शेतकऱ्यांना सवड असेल तेव्हा होतात का, हे परिषदेने अवश्य ठरवावे. नत्राची मात्रा परिषदेच्या मतदानाने ठरू नये.

जाता जाता एक आठवण सांगतो. आपल्याकडची कृषी विद्यापीठे तिकडच्या भू-अनुदानित विद्यापीठांच्या नमुन्यावरच उभी राहिली. 1960 मध्ये पंतनगरचे कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सुरू झाले, आणि महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठाच्या उभारणीत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचा सहभाग होता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली आले ते त्या विचारामुळे. मात्र गावपातळीवरचा विस्तार आपल्याकडे मुख्यतः राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला, म्हणून आपल्या परिषदेसारखी केवळ विस्तारासाठी निवडून आलेली समिती येथे नाही. आपल्या हाती असलेला अधिकार मोलाचा आहे, तो जपून वापरावा.

थंडगाव:

मी विस्कॉन्सिनमध्ये काउंटी मंडळावर चार वर्षे होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. आमच्याकडे स्वतंत्र परिषद नाही. काउंटी मंडळाचीच कृषी व विस्तार शिक्षण समिती असते आणि विस्ताराचा पैसा रस्ते, तुरुंग, वृद्धसेवा यांच्याबरोबर एकाच अंदाजपत्रकात मागावा लागतो. 2018 मध्ये आमची विस्तारसेवा मॅडिसनच्या विद्यापीठाकडे गेली, आणि तेव्हापासून काउंटी शिक्षकांच्या पदांसाठी विद्यापीठाशी दरवर्षी करार करते. या पद्धतीत एक लाभ आहे. करारात कोणते पद, किती वेळ, कोणत्या विषयासाठी हे लिहिलेले असते, म्हणून वर्षअखेरीस विचारायला मुद्दा असतो. आपल्याही परिषदेचा विद्यापीठाशी सामंजस्य करार असणारच. तो मागून घ्या आणि पुढच्या बैठकीआधी दोनदा वाचा. तज्ज्ञाचा नियोक्ता कोण, कार्यक्रमाच्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हे त्यात असेल, आणि मग आपल्याला स्वतःचे मत म्हणून काही मांडावे लागणार नाही. परिषदेनेच सही केलेला कागद वाचून दाखवता येईल.

शिलकीबाबत माझा सल्ला असा आहे की "इतर"मध्ये काय आहे हे बैठकीत विचारू नका. खजिनदारांना आधी भेटा, गेल्या तीन वर्षांच्या नोंदी बसून पाहा, आणि बैठकीत शिलकीचे धोरण मांडा. कराचा पैसा वर्षातून दोन हप्त्यांत येतो, त्यामुळे मधले महिने निभावण्यापुरती शिल्लक हवीच. किती महिन्यांचा खर्च राखीव ठेवायचा हा आकडा ठरला की उरलेल्या रकमेचे काय करायचे, फोर-एचचे पद भरायचे की कराचा दर कमी करायचा, ही चर्चा आपोआप सुरू होते आणि ती कोणाच्या सचोटीवर घसरत नाही.

पिवळी ज्वारी:

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण "स्थानिक लोकांना कळते" असे गृहीत धरण्याबद्दल थोडी सावधगिरी हवी. मी दक्षिणेत अलाबामात राहते. येथे अनेक दशके काळ्या शेतकऱ्यांसाठी वेगळे, कमी पगाराचे विस्तार कर्मचारी होते, आणि स्थानिक सत्ताधाऱ्यांना ते तसेच हवे होते. 1971 मध्ये संघीय न्यायालयाने येथील विस्तार सेवेतील भेदभावाविरुद्ध निकाल दिला तेव्हा चित्र बदलू लागले. आयोवाचा इतिहास वेगळा आहे हे मान्य आहे, पण तेथेही काउंटी विस्ताराचे काम पूर्वी फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेच्या आधाराने चालत असे, आणि 1955 च्या कायद्याने ते तिच्यापासून वेगळे करून आपल्या परिषदा निर्माण झाल्या. कोणत्याही एका गटाच्या हाती सल्ल्याची किल्ली राहू नये, हाच त्यामागचा उद्देश होता. बैठकीत हा धागा जरूर मांडा, कारण आपली परिषद ज्या कारणासाठी जन्मली त्याच कारणाने ते सत्र रद्द होऊ नये.

आणखी एक. विषयपत्रिकेत "सत्राबाबत चर्चा" असे मोघम लिहिले असल्यास सचिवांना स्पष्ट लिहायला सांगा. आयोवाच्या खुल्या बैठकीच्या कायद्यानुसार किमान 24 तास आधी सूचना आणि विषय जाहीर करावे लागतात. विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांना हा विषय येणार आहे हे कळले तर ती येतील.

माळरान:

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त सेवक काका, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता हे शब्द वाचले आणि वडिलांचा लाल शिक्क्याच्या फायलींचा गठ्ठा डोळ्यांसमोर आला. हे मला आधी सुचायला हवे होते.

बैठक काल झाली. करार मागवून घेतला होता. शैक्षणिक मजकुराची जबाबदारी विद्यापीठाची असल्याचे त्यात स्पष्ट आहे. तो परिच्छेद मी वाचून दाखवला आणि त्यासोबत ज्येष्ठ सदस्यांना एक विनंती केली की त्यांनी सत्राला यावे, पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा, आणि निचरा नळ्या घालण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव तज्ज्ञांसमोर मांडावा. सूचना पाच विरुद्ध तीन मतांनी फेटाळली गेली. एक सदस्य अनुपस्थित होते. ज्येष्ठ सदस्य नाराज आहेत. सत्राला येईन असे म्हणाले आहेत, पण निघताना माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचे मला वाईट वाटते. मी रविवारी त्यांच्या घरी जाऊन भेटणार आहे.

शिलकीच्या धोरणाचा मसुदा मात्र अडला आहे. खजिनदार मोकळेपणाने बसले, तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या; "इतर"मध्ये बहुतांश विमा, छपाई आणि छताची दुरुस्ती निघाली. मी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी राखीव रक्कम सुचवली आहे, दोन सदस्यांना ती कमी वाटते. थंडगाव, आपल्या काउंटीत किती महिन्यांचे प्रमाण होते आणि ते कशाच्या आधारे ठरवले होते, हे कळले तर अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीपूर्वी मला मसुदा नीट करता येईल.