श्रीलंकेत आईला काय काय दाखवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की जानेवारीअखेर आईला घेऊन आठ दिवस श्रीलंकेला निघतोय. आई ६८ वर्षांची. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यासुद्धा कठडा घट्ट धरून, एकेक करत उतरते. सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याच्या सुमारे १,२०० पायऱ्या तिला झेपणार नाहीत. पण पाचव्या शतकातली तिथली भित्तिचित्रं मला बघायचीच आहेत, आणि तिला खाली एकटं बसवणं जिवावर येतं. पोलोन्नारुवाचा खडकात कोरलेला, १४ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आणि बुद्धाचा दात जपलेलं कँडीचं दंतमंदिर नक्की केलंय.

जाऊन आलेल्यांनी सांगा: दांबुल्लाच्या लेण्यांचा चढ तिला जमेल का? यालाच्या जंगलात बिबटे बघताना जीपचे हादरे कितपत बसतात? शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत घेतोच आहे.